आजोबा काळा, माहुली सोनेरी

पहाटे पाचला शहापूरपाशी महामार्ग सोडून शेणव्याच्या रस्त्याला लागणाऱ्या गाडीत तीन कॅमेरे, दोन ट्रायपॉड आणि चार माणसे असतात. त्यातला जागा फक्त चालवणारा. डोंबिवली-ठाण्याच्या हौशी छायाचित्रकारांची ही ठरलेली वारी. उजाडता उजाडता डोळखांबच्या बाजूने आजोबाचा डोंगर टिपायचा. चढायचा नाही, टिपायचा!

एसीतून काढलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर बाहेरच्या दमट हवेत लगेच वाफ धरते. दहा मिनिटे थांबले की ती आपोआप जाते, पण एवढा धीर कोणाला? एक जण टी-शर्टाच्या टोकाने लेन्स पुसतो आणि दुसरा कोटिंगच्या नावाने गळा काढतो.

मग ट्रायपॉड रोवला जातो. आयएसओ १००, एफ/११, दोन सेकंदांचा टायमर, सगळे पुस्तकाबरहुकूम. सूर्याने मात्र पुस्तक वाचलेले नसते. तो आजोबाच्या मागून उगवतो. शहापूर-मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे आणि तिचे कडे कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभे आहेत. सकाळी ते सावलीतच असणार. आभाळ नीट यावे तर डोंगर काळाकुट्ट, डोंगर दिसावा तर आभाळ पांढरेफटक. मग पोलरायझर निघतो आणि स्टेशन न लागणाऱ्या रेडिओच्या बटनासारखा गोल गोल फिरवला जातो. हा फिल्टर खरा चालतो तो सूर्याशी काटकोनात असलेल्या आभाळावर. सूर्यासमोर धरला तर तो नुसता प्रकाश खातो.

आणि नेमके त्याच वेळी, या सगळ्यांच्या पाठीमागे, पश्चिमेला माहुलीचे कडे उन्हात न्हात असतात. मुख्य रांगेपासून सुटा उभा असलेला हा २,८१५ फुटी किल्ला. १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांनी शहाजीराजांना इथेच वेढा घातला होता. आता वेढा राहू द्या, मान वळवून बघायलाही कोणी तयार नाही.

"डोंगर बघायचा तर चारनंतर या ना, दादा. आत्ता काय दिसतंय?" टपरीवरच्या मावशी चहा गाळता गाळता सांगतात. छायाचित्रणाच्या महागड्या कार्यशाळेत याहून वेगळे काही शिकवत नसावेत. पण चारला दादा मंडळी भिवंडीची कोंडी चुकवायच्या घाईत असतात. पोटभर जेवण, झाडाखाली झोप, आणि कड्यावर ऊन यायला लागले की डिकी बंद.

तेव्हा जायचेच असेल तर पाऊस सरल्यावर, हवा धुतलेली असताना जा. सकाळी माहुलीकडे तोंड करा, दुपार कलली की आजोबाकडे. वाइड लेन्स घरी राहिली तरी बिघडत नाही. तिच्यातून एवढी थोरली भिंतही बांधाएवढी दिसते. ५५-२५० न्या, आणि परतीची वेळ अंधार पडल्यानंतरची ठेवा.