घरभर हाइनरिख

"काकू, कधी आलात जर्मनीहून? खिडक्या उघड्या दिसल्या म्हणून डोकावले."

"परवा रात्री. आधी ही लंगोटी घे, उडून आमच्या जास्वंदीवर आली होती. बारसं कधी गं?"

"रविवारी. पण नावावरनं घरात धुसफूस चाललीय. सासूबाई म्हणतात, सासऱ्यांचंच नाव ठेवायचं."

"एवढंच ना? मग मी पाहून आले त्या घराण्याचं ऐक. मुलगा येनाला असतो ना, तिथनं गेराला गाडी बदलून ग्राइत्सला गेलो होतो. एल्स्टर नदीकाठचं एवढंसं गाव, पण एकेकाळची राजधानी! रॉइस नावाचं संस्थान होतं तिथे. आणि त्या घराण्यात पुरुषांची नावं काय? झाडून सगळे हाइनरिख!"

"सगळे?"

"सगळे. बाराव्या शतकात सहावा हाइनरिख नावाचा सम्राट होता. त्याच्या कृपेनं बस्तान बसलं, त्याची ही आठवण म्हणे."

"म्हणजे जेवायला हाक मारली की सगळ्यांनी ओ द्यायची!"

"म्हणून तर आकडे. तेही गादीवर बसणाऱ्यालाच नाहीत, पाळण्यातल्या पोरालासुद्धा. त्यातही थोरल्या पातीची रीत वेगळी, धाकटीची वेगळी. थोरले म्हणायचे, शंभरपर्यंत मोजू, मग पुन्हा एकपासून. धाकटे नवं शतक लागलं की पुन्हा पहिल्यावर. त्यांचा एक बहात्तरावा हाइनरिख 1848 च्या धामधुमीत गादी सोडून मोकळा झाला."

"थोरली पाती, धाकटी पाती… देवासच्या पवारांसारखं?"

"अगदी! 1564 मध्ये वाटण्या झाल्या. पुढे थोरली पाती ग्राइत्सला, धाकटी गेराला. तेवढ्यानं भागेना, म्हणून ग्राइत्समध्येही आणखी वाटण्या. एक वाडा टेकडीवर, एक खाली गावात, हे वरचे ग्राइत्सकर, ते खालचे. 1768 मध्ये खालच्यांचा वंश खुंटला, तेव्हा कुठे गाव एक झालं. दहा वर्षांनी संस्थानिकांना प्रिन्सचा किताब मिळाला. थोरल्यांचं संस्थान केवढं, तर सव्वातीनशे चौरस किलोमीटरही भरायचं नाही."

"एवढ्याशा जागेत किती तो तोरा!"

"तोरा म्हणजे काय! 1866 मध्ये प्रशिया नि ऑस्ट्रियाची जुंपली. ग्राइत्सचा बाविसावा हाइनरिख तेव्हा अजाण, कारभार त्याच्या आईकडे, कारोलीनेबाईंकडे. शेजारपाजारचे शहाणे प्रशियाकडे गेले, बाई ऑस्ट्रियाच्या बाजूनं. प्रशियाची फौज येऊन बसली गावात. 1 लाख थेलर दंड भरला तेव्हा सुटका. तिथनं जी अढी बसली ती मुलाच्याही मनातनं गेली नाही. बिस्मार्कनं पुढे अख्खं जर्मनी एक केलं, हाही त्यात गेला, जातो कुठे? पण 1902 मध्ये डोळे मिटेपर्यंत प्रशियाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या."

"आणि त्याची मुलं?"

"पाच मुली नि एकच मुलगा, चोविसावा. तो बिचारा लहानपणापासून अधू, राज्य करण्याजोगा नव्हता. कारभार दुसऱ्या हाइनरिखांनी पाहिला, धाकट्या पातीच्या. 1918 च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या सगळ्याच गाद्या गेल्या, ही पण. साडेतीनशे वर्षं वेगळ्या चुली मांडलेली दोन्ही रॉइस 1919 मध्ये एक झाली, आणि वर्षभरात थुरिंगियात विरूनही गेली. पण खरी गंमत पुढेच आहे."

"सांगा ना, बाळ झोपलाय तोवर."

"या बाविसाव्याची चौथी मुलगी, हेर्मीने. नवरा 1920 मध्ये वारला, पदरात पाच मुलं. तिकडे प्रशियाचा राजा नि जर्मनीचा बादशहा, तो कैसर विल्हेल्म, गादी घालवून हॉलंडात डोर्नला बसलेला. त्याचीही बायको 1921 मध्ये गेली. हेर्मीनेच्या मुलानं त्याला वाढदिवसाचं पत्र धाडलं. कैसरनं त्याला भेटीला बोलावलं, आणि सोबत आईला!"

"अगं बाई!"

"1922 च्या नोव्हेंबरात लग्न. तो 63 वर्षांचा, ही 34 ची. कैसरची पोरं घुश्शात. बापानं जन्मभर ज्या घराच्या नावानं बोटं मोडली, त्याच घरात लेक गेली. आणि गेली कधी, तर राज्य गेल्यावर! पण 1941 मध्ये तो जाईपर्यंत नांदली त्याच्यापाशी."

"आता वाड्यांत कोण राहतं?"

"संग्रहालयं. नदीकाठच्या बागेत त्यांचा उन्हाळी महाल आहे, तिथे काय ठेवलंय सांगू? व्यंगचित्रं!"

"सासूबाईंना सांगते हे सगळं. पण काकू, इतकी हाइनरिखची पलटण असून तुम्हाला नाव लक्षात राहिलं ते हेर्मीनेचंच."

"राहणारच! नावाचं बंधन मुलांना, मुलींना नव्हतं. कितव्या हाइनरिखनं काय केलं, ते उद्या विचारशील तर मी वहीत बघून सांगेन. मुलींना मात्र प्रत्येकीला आपापलं नाव होतं गं… जा, तुझा पहिला हाइनरिख उठला बघ."