गळका नळ दुरुस्त करण्याची शास्त्रोक्त पद्धत

हे मार्गदर्शन बाथरूममधल्या गळक्या नळाला धरून लिहिले आहे. तथापि न पेटणारा गीझर, बँकेत लावायचे वारसाचे नाव, चष्म्याचा नवा नंबर आणि सासुरवाडीला करायचा फोन या कामांनाही ते जसेच्या तसे लागू पडते.

काम नेमके काय, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा त्याकडे वळायला नको. मेन कॉक बंद करायचा, पान्याने नळाचे डोके सोडवायचे, आतला झिजलेला रबरी वॉशर काढून नवा घालायचा, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे द्यायचे आणि डोके परत आवळायचे. वॉशर दहा-वीस रुपयांचा, वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. इतके सोपे काम दिसल्याबरोबर उठून करणारा माणूस संसारात फार काळ टिकत नाही. त्याला लोक आणखी कामे सांगतात.

सुरुवात मुहूर्तापासून करावी. रोजचा दीड तास राहुकाळात जातो, तो आधीच वजा करा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. त्यात लग्नमुंजी करत नाहीत एवढेच रूढीत आहे, नळाचा उल्लेख नाही. पण नळही घरचाच आहे, त्याला वेगळा न्याय का? भाद्रपदाचा वद्य पक्ष पितरांचा. पौष तर सगळेच टाळतात. तेवढ्यात धोंड्याचा महिना आला तर दुधात साखर. राहता राहिले साडेतीन मुहूर्त. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या तीन दिवशी पंचांग बघावे लागत नाही हे खरे. पण त्या दिवशी श्रीखंड किंवा आमरस झालेला असतो आणि पान्याला हात लावण्याच्या अवस्थेत घरात कोणी नसते. उरलेला अर्धा मुहूर्त बलिप्रतिपदेचा. त्या दिवशी ओवाळून घ्यायचे असते.

दरम्यान स्वस्थ बसू नये, अभ्यास करावा. नळाखाली घड्याळ घेऊन उभे राहा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. सलाईनच्या हिशेबाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या थोडे वर पाणी जाते. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर भरायला सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. हे गणित घरात मोठ्याने वाचून दाखवावे. घाईचे कारण नाही, हे आकड्यांनी सिद्ध झालेले असते. मग नळाखाली बादली ठेवा. संध्याकाळी ते पाणी कुंड्यांना घाला आणि या व्यवस्थेला जलसंधारण म्हणा. बादली ठेवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, असे म्हणणाऱ्याने आपल्याकडच्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवताना पाहिलेले नाहीत.

कधी तरी हार्डवेअरच्या दुकानातही जावे लागते. काउंटरमागचा माणूस मान वर न करता विचारतो, "अर्धा इंची की पाऊण?" येथे नवशिका गडबडतो आणि अंगठा-तर्जनीत अंतर धरून दाखवतो. ते अंतर पाहून दुकानदार म्हणतो, "जुना घेऊन या, त्यावरून देतो." हे वाक्य तोंडपाठ करून ठेवा, कारण पुढचे तीन आठवडे तुम्ही त्यावर काढणार आहात. जुना वॉशर नळात आहे. तो काढायला पाना हवा. पाना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे, पेटीवर गौरीचे मखर आहे, मखरावर पाहुण्यांच्या गाद्या आहेत आणि शिडी वॉचमनकडे आहे. यातली एकही गोष्ट खोटी नाही, हेच या विद्येचे सौंदर्य. आळशी माणूस सबबी रचतो. आपण फक्त वस्तुस्थिती सांगतो.

प्लंबरला बोलावणे ही पळवाट आहे असे काहींचे मत आहे. ते चुकीचे आहे. "निघालोच साहेब" असे जेवणाच्या ताटावरून सांगणारा प्लंबर हा आपल्याच संप्रदायातला, फक्त अधिकाराने मोठा.

इतके होऊनही नळ दुरुस्त व्हावा अशी इच्छा शिल्लक असेल, तर आधाराला एक तत्त्वज्ञ आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन पेरी यांनी १९९६ मध्ये चालढकलीवर एक निबंध लिहिला. चालढकल करणारा माणूस रिकामा बसत नाही. त्याहून महत्त्वाचे काम टाळता येत असेल तर तो हवे ते अवघड काम हसत करतो, असा त्यांचा सिद्धांत. २०११ मध्ये त्यांना यासाठी साहित्याचे इग्नोबेल मिळाले. तेव्हा नळ यादीत पहिला ठेवू नका. त्याच्या डोक्यावर आयकर विवरणपत्र बसवा. पगारदारांची मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलैला संपते. ३० तारखेच्या रात्री पासवर्ड आठवायची वेळ आली, की हात आपोआप पान्याकडे जातो. मुदत चुकली तर पाच लाखांवर उत्पन्न असणाऱ्याला पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क पडते, तेवढी वॉशरची किंमत वाढली असे समजा. एक धोका मात्र आहे. कधी सरकारच मुदत वाढवते. २०२५ साली ती १५ सप्टेंबरवर नेली आणि शेवटी आणखी एक दिवस दिला. त्या वर्षी किती नळ दीड महिना जास्त गळले असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

यानेही जमले नाही तर शेवटचा, जालीम उपाय: सत्यनारायण घाला आणि नागपूरच्या आत्यांना फोन करा. आत्या रात्रीच्या गाडीने निघाल्या, की गाद्या माळ्यावरून उतरतात, मखर हलते, पेटी उघडते, पाना सापडतो आणि वॉशर, कसलाही नमुना न दाखवता, पहिल्या दुकानात मिळतो. पडदेही धुतले जातात. हे सगळे आत्या पोचायच्या आत उरकते.

आत्यांना बाथरूम दाखवताना नळाविषयी काही बोलू नका. त्या गीझरचे बटण दाबून बघतील आणि विचारतील, "हा कधीपासून बंद आहे रे?" तुम्ही शांतपणे सांगा, "माणूस येतोय उद्या."