टाकीचं रीडिंग

पुण्या-मुंबईत पाइपच्या गॅसला मीटर असतं. आजच्या आकड्यातून मागचा वजा करायचा, घनमीटरला साधारण 10 युनिट ऊर्जा धरायची, झाला हिशोब. बीड, गेवराई, माजलगावकडे बहुतेक घरांत अजून लाल टाकीच, आणि तिचं मीटर म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. टाकी लावली त्या तारखेभोवती पेनाने गोल, संपली की दिवस मोजायचे आणि 'यंदा लवकर गेली' म्हणून निकाल द्यायचा. आरोपी ठरलेला: चहा. पण कॅलेंडर दिवस मोजतं, गॅस नव्हे. एकादशीला गॅस वाचला म्हणावं, तर साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याची आमटी साक्षीला हजर!

खरं रीडिंग वजनात आहे. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तिथे 15.3 असेल आणि काटा 22.4 दाखवत असेल, तर 7.1 किलो, म्हणजे निम्मा गॅस शिल्लक. किलोमागे सुमारे 12.8 युनिट धरली, तर 14.2 किलोच्या टाकीत 182 युनिट भरतात. ती 45 दिवस पुरली, तर रोजची चार युनिट. आयएसआय शेगडीने त्यातली किमान 68 टक्के भांड्यात घालावी अशी अपेक्षा. उरलेली स्वयंपाकघर तापवतात, ज्याची बीडच्या मे महिन्यात कुणी मागणी केलेली नसते. याच हिशोबाने लिटरभर पाणी उकळायला दहाएक ग्रॅम गॅस लागतो, आणि आंघोळीची 15 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला पन्नासेक. म्हणजे चहा निर्दोष. पाच लिटर आधणाचा गॅस एक बादली एकटी खाते.

कुणी म्हणेल, ओलं फडकं लावलं की पातळी कळते. कळते, द्रवाचा भाग उशिरा वाळतो. पण पातळीवरून रोजचा हिशोब निघत नाही. दाबाचं घड्याळ तर त्याहून फसवं. आत द्रव आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, त्यामुळे काटा गॅसऐवजी हवामानाची बातमी देतो. राहिला 'वजनकाटा आणायचा कुठून?' हा प्रश्न. कापूस घालताना काट्यापाशी डोळ्यांत तेल घालून उभ्या राहणाऱ्या जिल्ह्याने तो विचारावा, हे नवलच. नवी टाकी दारात आली की वजन करून मागा. ते दाखवणं आणणाऱ्याचं कामच आहे.