काळी गाडी घेतलीत, वहिनी!

"वहिनी, गाडी आली म्हणे दारात! आणि आम्हाला पत्ताच नाही?"

"कसली आली अण्णा, सेकंडहँड आहे. तुम्ही जरा कुंपणाला खेटून उभे राहा नि या बॉनेटकडं बघा. ऊन पडलं की नुसती जळमटं. घेताना तर आरशासारखी दिसत होती."

"किती वाजता दाखवली त्यानं?"

"संध्याकाळी. साडेसहा-सात झाले असतील."

"मग बरोबर. काळी गाडी शहाणा माणूस दिवेलागणीलाच विकतो. जरा मोबाइलची बॅटरी लावा. हं, आता धरा बॉनेटवर. दिव्याभोवती गोल जाळं दिसतंय? दिवा सरकवा. जाळंही सरकलं की नाही? ओरखडे गोल नाहीत वहिनी, सगळ्या दिशांना आहेत. दिव्याला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. आता नख फिरवा. अडकतं?"

"नाही. पण इथं दाराशी एक आहे, तिथं अडकतंय."

"तो सोडून द्या. नख अडकलं की ओरखडा खोल. तो पॉलिशनं काढायला गेलात तर रंगच जाईल. बाकीचं जाळं निघेल."

"आमचे चिरंजीव तेच म्हणतायत. हेवी कट कंपाउंड मागवतो, म्हणाला. सगळ्यात जालीम आणायचं, म्हणजे एका हातात काम."

"त्याला म्हणावं, दम धर. माझी उभी नोकरी गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये गेली. पत्र्यावर आधी गंज न लागू देणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. तुमच्या वेणीतला एक केस बहुधा त्याहून जाडच असेल. पॉलिश ओरखडा बुजवत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर खरवडून त्याच्या तळापर्यंत आणतं. कडक कंपाउंड एका खेपेला दोन-चार मायक्रॉन सहज नेतं, बारीक पॉलिश एखादा. गेलेला क्लिअर परत येत नाही. ऊन अडवणारं औषधही त्यातच असतं. तो फार पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात."

"अगबाई! पण वकीलसाहेबांनी केलं होतं ना? दिवाळीला काय झळकत होती त्यांची गाडी!"

"आणि संक्रांतीला?"

"ते मात्र खरं. पूर्वीसारखीच झाली."

"होणारच. बाजारात एकाच बाटलीत सगळं देणारी पॉलिश असतात. त्यातलं तेल नि मेण ओरखड्यांत बसतं, गाडी नवी दिसते. चार वेळा शाम्पूनं धुतली की तेल गेलं, ओरखडे जिथल्या तिथं. वर त्या दुकानदारानं ग्राइंडरसारखं एकाच दिशेला फिरणारं मशीन नि लोकरीचा पॅड लावलेला. त्याचे पट्टे उन्हात गाडीबरोबर सळसळतात. सांगतोय कोण वकिलांना! खर्च मोठा झालाय, वाईट कसं म्हणतील?"

"त्यांच्या सौ. तर गल्लीभर सांगत होत्या, सिरॅमिक केलंय म्हणून."

"जाऊ द्या. आपल्यात काय ते राहू द्या. पण एक शिका त्यातनं. पॉलिश मारून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून तेवढा भाग पुसून घ्यायचा. तेल निघून जातं, खरं काय ते उघडं पडतं. दुकानात करवलंत तर तुमच्यासमोर पुसायला लावा. कां-कूं करायला लागला तर समजायचं."

"मग घ्यायचं कुठलं? चिरंजीवांनी दाखवलेल्या बाटल्यांवर नुसते आकडे. कुणाचा कट नऊ, कुणाचा चार."

"ते आकडे ज्याच्या त्याच्या घरचे. एकाचा चार दुसऱ्याच्या सहाला भारी पडतो. त्यापेक्षा बाटलीवर बघायचं, किती नंबरच्या पॉलिश पेपरच्या खुणा काढतं म्हणून लिहिलंय. १२०० च्या काढत असेल तर ते कंपाउंड, आपलं काम नाही. २५०० किंवा ३००० म्हटलं असेल तर बारीक. तिथनं सुरुवात. पॅडच्या रंगावरही जाऊ नका, एका कंपनीचा पिवळा कडक तर दुसरीचा मऊ. निम्मं काम पॅडच करतो हे लक्षात ठेवा. तेच पॉलिश मऊ फोमवर वेगळं वागतं नि लोकरीवर वेगळं."

"म्हणजे कपड्यावरच्या डागासारखंच. आधी साधा साबण, मग सोडा, आणि अगदीच निघेना तर जालीम काहीतरी."

"तुम्हाला कळलं, चिरंजीवांना कळत नाही बघा. बॉनेटवर मास्किंग टेप लावून दीड फुटाचा चौकोन करायचा. बारीक पॉलिश, मऊ फोम. पुसून उन्हात बघायचं. नाही निघालं तर पॉलिश तेच ठेवून पॅड एक पायरी कडक. तरी नाही, तर पॉलिश बदला. ज्यानं त्या चौकोनात भागलं, तेच सगळ्या गाडीला. जपानी गाड्यांचा क्लिअर बहुधा मऊ निघतो, जर्मन कडक. पण त्याच्यावर पैज लावू नका, चौकोन सांगेल ते खरं."

"आणि किती घासायचं?"

"हा प्रश्न कुणी विचारत नाही! काही पॉलिशमधले कण घासता घासता मोडून बारीक होतात. ती अर्ध्यात सोडली तर धूसर डाग राहतो नि माणूस पॉलिशला शिव्या घालतो. दुसऱ्या जातीचे कण पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढेच, तिथं सगळा खेळ हाताच्या दाबाचा. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला लावा पोराला. मशीन मात्र ड्युअल ॲक्शनचंच भाड्यानं आणा, फिरता फिरता डोलतं ते. नवशिक्याच्या हातून रंग जळायची भीती कमी. आणि काम सावलीत. पत्रा तापला की पॉलिश जागच्या जागी सुकतं."

"मास्तरांनी टूथपेस्ट लावली होती, ठाऊक आहे?"

"ठाऊक कसं नाही? बॉनेटवर पांढुरका गोल पडलाय, त्यावर गणपतीचं स्टिकर लावलंय. टूथपेस्टमध्येही घासायचे कणच असतात हो, पण ते दातांच्या हिशेबानं."

"तुम्ही ना, अण्णा!"

"थांबा, आतून माझं मीटर आणतो. रंगाची जाडी मोजायचं... हं, हे बघा. बॉनेट ११८. छप्पर १२२. डावं दार ११५. आणि हे उजवं मागचं दार... २६०."

"म्हणजे?"

"म्हणजे हे दार ठोकून परत रंगवलेलं आहे. विकणाऱ्यानं काय सांगितलं होतं?"

"एकही टच-अप नाही म्हणाला! मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला!"

"मुलाला जपा म्हणावं. पण आकडा मोठा आला म्हणून त्या दारावर बिनधास्त कंपाउंड चालवू नका. खाली पुट्टी असेल, वर क्लिअर किती हे मीटर सांगत नाही. बंपर प्लास्टिकचा, तिथं हे मीटर चालतच नाही, आणि उष्णताही चटकन निघून जात नाही, म्हणून रंग लवकर करपतो. कडांवर थर पातळ, तिथं टेप लावून ठेवायची. आणि हे पांढरे ठिपके बोअरच्या पाण्याचे. ते आधी पातळ व्हिनेगरनं पुसून लगेच साध्या पाण्यानं धुवा, पॉलिशला नंतर हात घाला."

"ते सगळं करते. पण ही जळमटं आली कुठनं, ते सांगा ना."

"तो काय येतोय बघा गाड्या पुसणारा पोरगा, खांद्यावर फडकं टाकून. सगळ्या गल्लीच्या गाड्या एक बादली नि एकाच फडक्यावर पुसतो. वकिलांच्या गाडीवरची माती तुमच्या बॉनेटवर. तुमच्या चिरंजीवांनी जगातलं उत्तम पॉलिश आणलं तरी महिन्याभरात जाळं परत. तेव्हा पहिला खर्च दोन मायक्रोफायबर कापडांचा नि एका जादा बादलीचा, आणि त्या पोराला सांगा, आधी पाणी मार, मग हात लाव. कंपाउंड मागवलंच असेल तर ते पार्सल परत पाठवा."