‘केलं’ हे क्रियापद घरी ठेवा

आपल्याकडे ठिकाणं ‘करतात’. केरळ केलं, काश्मीर केलं, महाबळेश्वरचे पाच पॉइंट जेवणाआधी केले. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईवडीलही हेच क्रियापद घेऊन परततात : ‘हॉर्सशू बेंड केलं.’ म्हणजे अ‍ॅरिझोनातलं कोलोरॅडो नदीचं वळण, उंच कड्यावरून पाहायचं. कसं केलं? लास वेगासहून पहाटे बस, जाऊन-येऊन जवळपास पावणेनऊशे किलोमीटर, कड्यावर 20 मिनिटं, घोळक्यात फोटो, पुन्हा बस. माझं म्हणणं सरळ आहे. असं जाणार असाल तर जाऊ नका, तो दिवस नातवंडांना द्या. जायचंच असेल तर नीट बेत आखून जा.

नीट म्हणजे कसं? आधी मुक्काम. अ‍ॅरिझोनातल्या पेज या गावात एक रात्र राहा. तिथून कडा काही मिनिटांवर आहे. वाहनतळ पेज शहराचा आहे, म्हणून राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही, पैसे वेगळे पडतात. वाहनतळापासून कड्यापर्यंत सव्वा किलोमीटर चालायचं आहे, तेवढंच परत. वाट चांगली बांधली आहे, चाकाची खुर्चीही जाते. पण परतीला चढ लागतो आणि एखाददुसरा मांडव सोडला तर सावली नाही. जूनजुलैत पारा 38 च्या पुढे जातो. माणशी लिटरभर पाणी, टोपी आणि बंद बूट हवेतच. आईला सपातांवर चालवत नेऊ नका.

मग वेळ. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे. भल्या सकाळी नदी सावलीत असते, संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊला पोचा. नदीवर ऊन आलेलं असतं आणि डोकं तापलेलं नसतं. घड्याळही सांभाळा. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करत नाहीत, शेजारच्या युटात आणि नवाहो लोकांच्या भूमीत करतात. पेज त्या सीमांच्या तोंडावर आहे. मोबाइल ज्या टॉवरला लागेल तिथली वेळ दाखवतो. जवळच्या अँटेलोप कॅन्यन या अरुंद घळीचं बुकिंग असेल तर वेळ कुठल्या घड्याळाची ते टूरवाल्यांना आधीच विचारा.

या घळीत नवाहो गाइडशिवाय प्रवेश नाही, आणि ढग दाटले की टूर रद्द होते. वाद घालू नका. 12 ऑगस्ट 1997 रोजी त्या अरुंद घळीत लोंढा आला आणि 11 जण गेले. पाऊस घळीवर नव्हता, कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला पडला होता. तिकिटाच्या पैशांसाठी आवाज चढवणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

कड्यावर तर हुज्जत नकोच. कठडा एका ठराविक भागालाच आहे. बाकी कडा उघडा आणि खाली सुमारे 300 मीटर सरळ तुटलेला. इथून माणसं पडून मेली आहेत. वाटेवरच्या एखाद्या दगडावरून बोट फिरवून पाहा, लालसर वाळू बोटाला लागते, इतका तो ठिसूळ. सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या दाबल्या जाऊन हा दगड झाला. त्याच्या पुढे आलेल्या जिभेवर पाय सोडून बसलेल्या मुलाला हाक मारून मागे घ्या, तो कोणाचाही असो. कोणी ‘तुम्हाला काय करायचंय’ म्हणालं तरी चालेल.

मी वडिलांना घेऊन गेले होते. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कठड्याला धरून उभे राहिले आणि बोलेनात. खाली कोलोरॅडो नदी दगडाच्या सुळक्याला जवळजवळ पूर्ण वळसा घालून जाते. सपाटीवर नागमोडी वाहणारी नदी, खालची जमीन उचलली गेली, तरी तिने वळण सोडलं नाही, तिथेच खोल कापत गेली. पाण्यावर एक तराफा तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता. माणसं येत होती, फोटो काढून जात होती. मी म्हटलं, “बाबा, निघायचं का?”

“थांब गं जरा.” आणखी थोड्या वेळाने म्हणाले, “एवढ्या ओसाड मुलखातून आलेली नदी आणि पाणी असं हिरवं, निवळशंख? गाळ कुठे गेला? वर धरण असणार.”

आहेच. काही किलोमीटर वर ग्लेन कॅन्यन धरण. 216 मीटर उंच, आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. 1963 मध्ये त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हापासून गाळ वरच्या लेक पॉवेलमध्ये बसतो. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तांबूस. नदीला ज्या गाळाने नाव दिलं तो गाळ आता इथवर येत नाही, आणि आपण फोटोत ज्या हिरव्या रंगावर खूश होतो तो धरणाने दिलेला आहे.

वडिलांनी अमेरिकेतली कुठलीच इमारत, कुठलाच मॉल परत आल्यावर सांगितला नाही. हे पाणी मात्र येईल त्याला सांगितलं, तेही ‘पाहिलं’ असं म्हणून. तो प्रश्न सुचायला त्यांना 40 मिनिटं लागली होती. बस तोवर केव्हाच सुटली असती.

बेत आखताना कागदावर सगळ्यात आधी ती 40 मिनिटं लिहा. बाकीचं त्यानंतर बसवा.