चिमणीचे घर शाबूत आहे

रविवारच्या पेपरात हल्ली बातमी सापडेपर्यंत चार पाने उलटावी लागतात. त्या चार पानांवर टॉवर असतात. परवाच्या जाहिरातीतल्या टॉवरच्या पायाशी एक जुनी चिमणी उभी होती, विटांची, गोल, अंगावर लोखंडी पट्टे. खाली लिहिले होते की इथेच राहा, इथेच काम करा, इथेच मजा करा. गिरणीच्या पडीक जागेवर मिक्स्ड यूज वसाहत. घरे, ऑफिसे, दुकाने, हॉटेले सगळे एका आवारात, आणि मधोमध जतन केलेली चिमणी.

आमचा पेपर आधी शेजारचे आबा वाचतात आणि मग तो आमच्याकडे येतो, अशी चाळीची जुनी वहिवाट आहे. त्या दिवशी पेपराबरोबर आबाही आले. चिमणीवर बोट ठेवून म्हणाले, ‘हिला मी ओळखतो.’

‘आबा, सगळ्या चिमण्या सारख्याच दिसतात.’

‘तुला तुझ्या शेजारणी सारख्या दिसतात का?’

घरात मंडळी असताना या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. आम्ही विषय बदलून मिक्स्ड यूज म्हणजे काय ते समजावू लागलो.

‘म्हणजे मिक्सिंग,’ आबा म्हणाले. साचेखात्यात कायम होण्याआधी आबांनी बदली कामगार म्हणून दीड वर्ष मिक्सिंगमध्ये काढले होते. ‘गासड्या फोडायच्या, लांब धाग्याचा कापूस, आखूड धाग्याचा कापूस, थरावर थर लावायचे. नुसता भारी कापूस परवडत नाही आणि नुसता हलका टिकत नाही. मिसळला की सूत निघतं. पण मिक्सिंगच्या पुढं ब्लो-रूम असते. तिथं झोडपून, वारा मारून कचरा बाहेर काढतात. या जाहिरातीत ब्लो-रूम कुठं दिसत नाही ती?’

जाहिरातीत नव्हतीच. ब्लो-रूम शासनाच्या नियमांत असते.

नव्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली; गिरणी ताडदेवला होती. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा पट्टा गिरणगाव झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला असे कुणी कधी जाहीर केले नाही, त्यामुळे आबा कागदोपत्री अजून संपावर आहेत आणि कुणी ‘सध्या काय करता?’ असे विचारले तर तसेच सांगतात. मालक मंडळी शहाणी निघाली. त्यांनी कापड मागे घेतले आणि जमीन पुढे केली.

जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने तिचे तीन वाटे ठरवले होते. एक पालिकेला, बागा आणि मैदानांसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला. भावाभावांतली वाटणी असावी इतका हा हिशेब सरळ होता. पण भावाभावांत जे होते तेच पुढे झाले. थोरला म्हणाला, वाटे मान्य, फक्त वाटायचे काय ते आधी ठरवू. २००१ साली नियमाला दुरुस्ती आली की वाटे पडतील ते फक्त मोकळ्या जमिनीचे.

आता मोकळी म्हणजे कुठली? तुमच्या-आमच्या मते जिथे काही नाही ती. चुकलात. जिथे आधीपासूनच काही नव्हते ती. जिच्यावर शेड होती, गोदाम होते, ती शेड पाडून तिथे क्रिकेट खेळता येईल इतके सपाट मैदान केले तरी ती मोकळी होत नाही. ज्या अर्थी तिथे एकदा गिरणी होती, त्या अर्थी वाटणीपुरती ती अजून आहे. संतांना जन्मभर खपूनही जे नीट सांगता आले नाही, की दिसते ते नसते आणि नसते तेच असते, ते एका दुरुस्तीने करून दाखवले. हा वेदान्त उच्च न्यायालयाला २००५ साली पटला नाही. सर्वोच्च न्यायालयाला मार्च २००६ मध्ये पटला.

आबांना हे सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटून आपली गिरणी मनात फिरून पाहिली. गिरणी म्हणजे गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत खात्याला लागून खाते. ‘मोकळं म्हणशील तर,’ ते म्हणाले, ‘सायकली लावायची जागा. आणि जॉबर शिव्या द्यायला उभा राहायचा तेवढी. त्याचे तीन वाटे?’

त्याचे तीन वाटे.

मधल्या काळात, १९९६ साली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची एक समिती नेमली होती. गिरण्यांच्या जमिनींचे सुटे सुटे तुकडे पाडू नयेत, सगळ्यांचा मिळून एक आराखडा करावा, रस्ते, मोकळ्या जागा, स्टेशनांकडे जाण्याच्या वाटा यांचा एकत्र विचार व्हावा, अशी त्यामागची दृष्टी. त्या विचाराचे पुढे काय झाले ते पाहायला अहवाल शोधू नये, सकाळी साडेनऊला परळ स्टेशनवर उतरावे. गिरण्यांच्या जागी ऑफिसे आली, ऑफिसांत हजारो माणसे आली, आणि ती माणसे यायची कुठून हा प्रश्न पुलावर सोडून दिला गेला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलावर २३ माणसे चेंगरून मेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागून १४ गेली. या दोन वाक्यांवर आम्हाला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

पैशाचे मात्र सांगितले पाहिजे, कारण कष्टाचे फळ मिळते यावर आबांचा अजून विश्वास आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन २००५ साली डीएलएफ कंपनीला ७०२ कोटींना विकली. २०१२ मध्ये तीच जमीन लोढांनी सुमारे २,७०० कोटींना घेतली. सात वर्षांत जमिनीने दिवसपाळी भरली नाही, रात्रपाळी भरली नाही, तागाभर कापड काढले नाही, आणि दोन हजार कोटी कमावले. आबा आणि त्यांचे जोडीदार पगारवाढ मागायला गेले होते, तेव्हा उत्पादन वाढल्याशिवाय पगार वाढत नसतो असे त्यांना ऐकवले गेले होते.

या भरभराटीला ‘लोअर’ हे विशेषण शोभेना, म्हणून इस्टेट एजंटांनी लोअर परळला अप्पर वरळी म्हणायला सुरुवात केली. रेल्वेला हे कुणी कळवले नसल्यामुळे गाडी अजून लोअर परळलाच थांबते.

जाहिरातीतला ‘चालत कामाला जा’ हा मुद्दा आबांना विशेष आवडला. ते सतरा-अठरा वर्षे चालत कामाला गेले. घर ते गेट सात मिनिटे, भोंगा झाल्यावर धावत चार. खोली दहा बाय बारा, तिच्यात माणसे अठरा. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. याला आता को-लिव्हिंग म्हणतात आणि आगाऊ भाडे घेतात. जेवण खाणावळीत. खाली व्यायामशाळा, समोर भजनी मंडळ, कोपऱ्यावर युनियनचे ऑफिस. यात सुख फार होते असा आमचा दावा नाही. संडासाची रांग ज्याने लावली आहे तो गिरणगावाच्या आठवणींनी उगाच गहिवरत नाही.

आबांचा हट्ट की चिमणी बघायची. निघालो. डिलाईल पुलावर ते दम घ्यायला थांबले. हा पूल २०१८ ला बंद झाला तो पुरता उघडायला २०२३ उजाडले, म्हणून त्यावर थांबण्याचीही आबांना अपूर्वाई आहे. फिनिक्स मिलची चिमणी प्रसिद्धच आहे, पण आम्ही गेलो ते दुसरीकडे. नाव सांगत नाही, फुकट जाहिरात होईल.

गेटवर रखवालदाराने आबांच्या पिशवीत हात घातला. चुन्याची डबी बाहेर काढून ठेवली.

‘कुणाकडे जायचंय, आजोबा?’

‘चिमणीकडं.’

‘कितव्या मजल्यावर?’

आत गेल्यावर एका कॉफीच्या दुकानात आबांना त्यांचे खाते भेटले. भिंतीवर धोटे टांगले होते, त्यांना मेनूकार्डे अडकवलेली. काचेच्या बरणीत बॉबिनी, लोणच्यासारख्या. कॉफी साडेतीनशे. आबांनी एक धोटा हातात घेतला, टोकावरून अंगठा फिरवला, आणि पोऱ्याला म्हणाले, ‘हा उलटा लावलायस.’ पोऱ्याने ‘थँक यू सर’ म्हणून तो पुन्हा तसाच लावला.

चिमणी उत्तम स्थितीत होती. विटांच्या दरजा नव्याने भरलेल्या, रात्रीसाठी पायाशी दिवे, भोवती हिरवळ, हिरवळीला रखवालदार. पोट सुटू नये म्हणून पट्टे आवळलेले. अधूनमधून इंजिनिअर येऊन तब्येत तपासतो असे कळले. आबा बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. मग म्हणाले, ‘हिचं पुनर्वसन जागच्या जागीच झालं की रे!’

तेव्हा आमच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. लहानपणी आजीने गोष्ट सांगितली होती: कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे, पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दारात भिजत उभा राहतो आणि ती आतून बाळाच्या अंघोळीपासून एकेक सबब सांगत दार उघडत नाही. आम्ही समजत होतो ही गोष्ट बाळाच्या संगोपनाची आहे. ती गृहनिर्माणाची आहे. थांब, अर्ज मागवते. थांब, पात्रता तपासते. थांब, गिरणीचा दाखला आण. गिरणी पाडली? मग हजेरीचे कार्ड आण. थांब, सोडत काढते. सोडत लागली? थांब, ताबा देते.

दाराबाहेर गिरणी कामगारांचे अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास. २०१२ पासून २०२० पर्यंतच्या सोडतींत निघालेली घरे पंधरा-सोळा हजार. त्यातली ३,८९४ घरे १ मार्च २०२० च्या सोडतीतली, बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची. एकेक घर २२५ चौरस फुटांचे. ज्यांना लागले त्यांच्याबद्दल आम्हाला आनंदच आहे. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी दाखवण्यात आली. ही स्टेशने बदलापूर ओलांडून कर्जतच्या वाटेवर येतात, हवा चांगली. मुंबईतली घरे द्या म्हणून जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांचे वारस भर पावसाळ्यात आझाद मैदानावर जमले होते. कावळ्याने यायची वेळ गोष्टीतही हीच आहे. ब्लो-रूमचा वारा एवढ्या लांब पोचतो हे मात्र आबांना माहीत नव्हते. त्यांच्या वेळी कचरा फार तर मागच्या भिंतीपर्यंत उडायचा.

परतताना आबा गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, ‘तुझं अक्षर चांगलं आहे. एक अर्ज लिही. कामगार म्हणून नको. चिमणी म्हणून.’

अर्ज लिहिला आहे. पुरातन वास्तू जतनाचे काम पाहणाऱ्यांच्या माहितीसाठी त्यातला मुख्य भाग इथे देतो.

अर्जदार १९६४ पासून गिरणीच्या आवारात उभा होता. पूर्वी अर्जदारातून धूर निघत असे. विडी डॉक्टरांनी बंद केल्यापासून तो निघत नाही, सबब प्रदूषणाचा प्रश्न येत नाही. अर्जदार आतून पोकळ आहे. आतल्या बाजूस कापसाच्या बारीक धुळीचा जुना थर असून खोकल्यावर तो वाजतो. अर्जदाराचा पाया, म्हणजे दोन्ही गुडघे, खचला आहे, मात्र आधार दिल्यास उभा राहतो. पट्टा एक आहे, कमरेला, डॉक्टरांनी दिलेला. अर्जदाराची उंची पाच फूट तीन इंच असल्याने टॉवरच्या कुठल्याही मजल्यावरून दिसणाऱ्या समुद्राला आडवा येणार नाही. रात्री पायाशी दिवे लावू नयेत, झोप येत नाही. फोटो काढण्यास हरकत नाही. अर्जदाराचे जतन मूळ जागीच करण्यात यावे. वांगणीला हलवल्यास पडण्याचा धोका संभवतो.

सहीच्या जागी आबांनी जुन्या हजेरीकार्डावर होती तशीच सही केली आहे. कार्ड सोबत जोडले आहे, त्याच्या तीन झेरॉक्सही.

हा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा ते आम्हाला ठाऊक नाही. वाचकांपैकी कुणी त्या कचेरीत कामाला असेल तर कृपया कळवावे. खिडकी किती वाजता बंद होते तेही लिहावे, कारण आबांना जिना उतरायला अर्धा तास लागतो.