याओवरातचे जाणकार

परदेशी सहलीच्या प्रत्येक ग्रुपात एक जाणकार असतात. पाठीवर सॅक, खिशात पाचक गोळ्या आणि डोक्यात महिनाभर पाहिलेलं यूट्यूब. बँकॉकमध्ये मोकळी संध्याकाळ मिळाली, की टूरवाल्याची पुरी-भाजी सोडून आठ-दहा भाबडे जीव त्यांच्यामागून चायनाटाउनला, म्हणजे याओवरात रस्त्यावर निघतात.

वाट मांगकोन स्टेशनातून वर येता येताच इतिहास सुरू होतो. "१७८२ साली पहिल्या रामाला राजवाडा बांधायचा होता, म्हणून तिथल्या चिनी व्यापाऱ्यांना इकडे सांपेंगला हलवलं. हा रस्ता मात्र पाचव्या रामाचा!" इतके राम ऐकून एका काकूंचे हात आपोआप जोडले जातात.

जाणकारांचा नियम एकच: जिथे रांग, तिथेच खायचं. सोन्याच्या दुकानांसमोर गाड्या लागलेल्या, भट्टीवर चेस्टनट भाजताहेत, धुराने डोळे चुरचुरताहेत; पण थांबायचं नाही. रांग सापडते ती 'कुआय चाप'ची. मिरीचा झणझणीत रस्सा, त्यात तांदळाच्या गुंडाळ्या आणि तेओच्यू चिनी लोकांची परंपरा, हे सगळं रांगेतच समजावून होतं. नंबर लागल्यावर ते हळूच विचारतात, "व्हेज?" बाई हसून डुकराच्या आतड्यांवर पळी टेकवते. ग्रुप आल्या पावली मागे. जाणकार म्हणतात, "हे नुसतं बघायचं असतं."

ग्रुपात मालवणचे एक गृहस्थ होते. विमानतळापासून तोंडातून शब्द नाही. कालवं घातलेल्या ऑम्लेटच्या तव्यापाशी ते थबकले, बोटाने दोन दाखवले आणि उभ्याउभ्या दोन्ही प्लेटी संपवल्या. जाणकारांनी त्याचा व्हिडिओ काढला, बाटचे रुपये करून दाखवले, आणि शेवटी स्वतः आंबा-भात खाल्ला. तोही "आपल्या हापूसची सर नाही" असं बजावून.

तुम्ही शाकाहारी असाल, तर चिनी नवव्या महिन्यातल्या शाकाहाराच्या उत्सवात जा. बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो. लाल अक्षरांचे पिवळे झेंडे लागलेल्या गाडीवर मांस, मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. एरवी गेलात तर सोमवार तेवढा टाळा. त्या दिवशी बऱ्याच गाड्या बंद असतात. आणि जमल्यास मालवणचं कुणीतरी बरोबर न्या.